गाडी चालू का होत नाही? हँडलपासून बटणापर्यंत एक जुना प्रश्न

गेल्या ऑगस्टमध्ये चार दिवस अंजनवेलला मामाकडे गेले होते. प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिथे बसून संपवायचं, असा बेत होता. (संपलं नाही. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे आत्ताच ऐकून ठेवा.) मामीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि सोमवारी सकाळी चिपळूणला तपासणी होती. पहाटे सहाला मामाने गाडीचं बटण दाबलं. समोरच्या पडद्यावर चावीचं चित्र उमटलं आणि खाली ओळ आली: चावी सापडली नाही. चावी मामाच्या हातात होती.

पुन्हा दाबलं. या वेळी पडदा लागला, आतून कट्-कट्-कट् असा आवाज आला आणि सगळं विझलं. गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळे पोरं जमवून धक्का मारायचीही सोय नाही. शेवटी शेजारच्या रिक्षाने गुहागर, तिथून एसटी, आणि मामी हिरवी पट्टी सावरत चिपळूणला पोचेपर्यंत डॉक्टर ऑपरेशनला गेलेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रवास.

"अगो, पाऊस लागला की हिचं नाटक सुरू होतं," मामा म्हणाला.

वर्षभरात चावीतला सेल दोनदा बदलून झाला होता. गाडीची बॅटरी नवी होती. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला होता, त्यात पाच-सहा कोड निघाले होते आणि 'स्मार्ट कीचं मॉड्यूल बदलावं लागेल' असा निरोप होता. आकडा ऐकून मामा गप्प बसला होता. मी पदार्थविज्ञानाची, पातळ धातू-थरांचा विद्युतरोध मोजणारी. गाड्यांमधलं मला काही कळत नाही. पण 'मोजल्याशिवाय बदलायचं नाही' एवढं आमच्या प्रयोगशाळेने अंगात भिनवलंय. म्हणून मामाला म्हटलं, आठ दिवस थांब. आणि त्या आठ दिवसांत मी प्रबंध सोडून 'गाडी चालू का होत नाही' या प्रश्नाचाच इतिहास वाचत बसले.

सुरुवातीला हा प्रश्न अगदी शारीरिक होता. गाडीच्या नाकात लोखंडी हँडल घालायचं आणि इंजिन हाताने फिरवायचं. हात जड लागला तर इंजिन घट्ट, हलका लागला तर कॉम्प्रेशन नाही, ठिणगीची वेळ चुकली तर हँडल उलटा झटका देणार आणि मनगट मोडणार. बिघाडाची बातमी थेट हाडापर्यंत पोचायची.

हे हँडल घालवलं अमेरिकेतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंगने. त्याआधी तो दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवण्याचं काम करत होता. इंजिन फिरवू शकेल अशी मोटर इंजिनाएवढीच मोठी होईल, असं तेव्हाच्या इंजिनिअरांचं मत होतं. केटरिंगने गल्ल्यावरून उचललेली गोष्ट साधी होती: मोटर सतत चालवायचीच नाहीये, काही सेकंद पुरे. काही सेकंदांसाठी लहान मोटरकडूनही भरपूर काम काढून घेता येतं. १९११ मध्ये चाचणी झाली, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो स्टार्टर आला. आपण ज्याला 'सेल्फ' म्हणतो तो हाच. फोर्डच्या मॉडेल टीला तो मिळायला १९१९ उजाडलं.

या शोधाच्या मागे एक गोष्ट सांगितली जाते आणि ती इतक्या ठिकाणी छापलेली आहे की मीही आधी विश्वास ठेवला. गोष्ट अशी: १९१० च्या हिवाळ्यात डेट्रॉइटच्या बेल आइल पुलावर एका बाईंची गाडी बंद पडली. कॅडिलॅकच्या हेन्री लीलँडचा मित्र बायरन कार्टर मदतीला थांबला, हँडल उलटं बसून त्याचा जबडा फुटला आणि त्यातच पुढे तो गेला. लीलँड हळहळला आणि म्हणाला, हे हँडलच नको. छान गोष्ट आहे. अडचण एवढीच, की कार्टर १९०८ च्या एप्रिलमध्येच वारला होता. १९१० च्या हिवाळ्यात तो पुलावर असणं शक्य नाही. कदाचित अपघात खरा असेल आणि साल चुकलं असेल, कदाचित दोन घटना एकात मिसळल्या असतील. पण स्टार्टरचा इतिहास सांगणारे एकमेकांची पुस्तकं बघून लिहीत गेले आणि मृत्यूची तारीख पडताळायचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. साहित्य-आढावा लिहिताना आपणही नेमकं हेच करतो, म्हणून इथे जरा थांबले.

सेल्फ आला तरी चावीचा त्याच्याशी संबंध नव्हता. चावीने फक्त ठिणगीचं सर्किट जोडलं जायचं. सेल्फसाठी वेगळं बटण, बऱ्याचदा पायाशी. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये तर पुढे पुढे चावीच काढून टाकली आणि साधा खटका ठेवला. रणांगणावर चावी हरवली म्हणून गाडी अडून बसायला नको, एवढं सरळ कारण. म्हणजे 'चावीविना चालू होणारी गाडी' ही काही नवलाई नव्हे. मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून याच विलीजच्या जीप जुळवायला सुरुवात केली, त्यामुळे ती परंपरा आपल्याही घरातली म्हणायला हरकत नाही. चावी फिरवली की ठिणगीही आणि सेल्फही, ही आपल्याला सनातन वाटणारी पद्धत क्रायस्लरने १९४९ मध्ये आणली.

पुढची काही दशकं बिघाड शोधणाऱ्याच्या दृष्टीने सुखाची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी आठवा. बॅटरी, सेल्फ, डायनॅमो, कॉइल, पॉइंट, प्लग. मिस्त्रीकडे एक टेस्ट लॅम्प: बल्बला दोन वायरी, एक टोक बॉडीला, दुसरं टोक जिथे संशय तिथे. दिवा लागला तर करंट इथपर्यंत येतोय, नाही लागला तर मागे सरका. निम्म्यावर तपासा, मग उरलेल्याच्या निम्म्यावर. संगणकवाले ज्याला बायनरी सर्च म्हणतात ते आपले मिस्त्री रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून करत होते. आणि टेस्ट लॅम्पचा एक गुण आहे जो मला या प्रकरणात फार उशिरा कळला: तो स्वतः थोडा करंट खेचतो. तेही पुढे येईल.

मग चोर आले. म्हणजे ते आधीपासून होतेच, पण आता गाडीने त्यांच्यावर संशय घ्यायला सुरुवात केली. १९८६ च्या कॉर्व्हेटमध्ये चावीच्या दांड्यात एक छोटा रेझिस्टर बसवलेला होता. १५ वेगवेगळ्या किमतींपैकी एक. किंमत जुळली नाही तर गाडी चालू होणार नाही. माझ्या मते बिघाडशोधाच्या इतिहासात मोठी रेघ इथे ओढायला हवी. याआधी गाडी चालू नाही झाली तर काहीतरी मोडलेलं असायचं. यानंतर सगळं धडधाकट असूनही गाडी 'नाही' म्हणू शकत होती. मालकाला आणि चोराला समोर दिसणारं दृश्य एकच, बंद गाडी.

१९९० च्या दशकात युरोपात गाडीचोऱ्या वाढल्या, विमा कंपन्यांनी रेटा लावला, आणि १९९५ च्या युरोपीय निर्देशानंतर इमोबिलायझर तिथल्या नव्या गाड्यांना सक्तीचा झाला. रेझिस्टरच्या जागी चावीत चिप आली. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. स्टिअरिंगपाशी असलेली तारेची रिंग चुंबकीय क्षेत्राने तिला जागवते, गाडी एक यादृच्छिक आकडा विचारते, चिप गुप्त किल्ली वापरून उत्तर देते. उत्तर बरोबर, तर इंजिनाला परवानगी. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी अशाच एका चिपचं, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डीएसटीचं, गुपित उलगडलं. त्यातली किल्ली फक्त ४० बिटांची होती. १६ एफपीजीए चिप एकत्र लावून त्यांनी ती तासाभराच्या आत शोधली आणि त्या उत्तराने एक खरी गाडी चालू करून दाखवली.

दरम्यान गाडीतल्या वायरींचाही कायापालट होत होता. प्रत्येक दिव्याला, प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र वायर ओढत गेलं तर गाडीत तांब्याचंच वजन व्हायचं. १९८६ मध्ये बॉश कंपनीने डेट्रॉइटच्या एका परिषदेत 'कॅन' मांडला: दोन वायरी, आणि सगळी मॉड्यूलं त्याच दोन वायरींवर आळीपाळीने बोलतात. दाराचं मॉड्यूल, इंजिनाचं, ब्रेकचं, चावीचं. गावच्या विहिरीवरच्या गप्पांसारखं, एक बोलतो आणि सगळे ऐकतात. इथे मिस्त्रीचा टेस्ट लॅम्प निकामी झाला, कारण वायरीत आता करंट नाही, शब्द होते. ते ऐकायला स्कॅनर लागतो. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ चं सॉकेट आलं, आपल्याकडे २०१३ पासून.

स्कॅनरबद्दल एक गैरसमज मात्र पक्का बसलाय. कोड म्हणजे निदान नव्हे. कोड म्हणजे एखाद्या मॉड्यूलने नोंदवलेली तक्रार. 'अमक्याशी संपर्क तुटला' असं पाच मॉड्यूलं म्हणत असतील, तर पाच मॉड्यूलं बिघडलीत असा अर्थ होत नाही. पाचही जणांचा वीजपुरवठा एकाच क्षणी कोसळला असंही असू शकतं. मामाच्या गाडीत नेमके याच जातीचे कोड होते, आणि सोबत एक 'व्होल्टेज कमी' असा. गॅरेजवाल्याला दोष देत नाही. त्याच्यासमोर गाडी चालू स्थितीत होती, मागे उभी राहिलेली पाच गिऱ्हाइकं होती, आणि पडद्यावर मॉड्यूलचं नाव होतं.

आता बटण. बिनचावीच्या गाडीत दोन वेगळे रेडिओ असतात आणि दोन्ही समजून घेतल्याशिवाय 'चावी सापडली नाही' हे वाक्य कळत नाही. गाडी चावीला हाक मारते ती कमी वारंवारितेवर, साधारण १२५ किलोहर्ट्झ. ही हाक चुंबकीय असते आणि अंतराच्या घनाने क्षीण होत जाते, त्यामुळे मीटर-दीड मीटरपलीकडे ती पोचत नाही. चावी उत्तर देते ते मात्र वरच्या वारंवारितेवर, बऱ्याच गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झवर, आणि ते लांबवर ऐकू येतं. या रचनेत एक गृहीतक लपलेलं आहे: हाक ऐकू आली म्हणजे चावी जवळ आहे. २०११ मध्ये झ्युरिकच्या ईटीएचमधल्या फ्रांसियाँ, दानेव आणि चापकुन या तिघांनी ते गृहीतक मोडून दाखवलं. त्यांनी गुपित फोडलंच नाही. गाडीपाशी एक अँटेना, चावीपाशी दुसरी, आणि मधून हाक नुसती पुढे पोचवली. ८ कंपन्यांच्या १० मॉडेलांवर प्रयोग केला आणि दहाही गाड्या उघडल्या, चालूही झाल्या. आपल्या विषयात शिरताना कोणता पेपर आधी वाचावा असं कुणी विचारलं, तर विषय कुठलाही असो, मी हा सुचवते. प्रश्न नेमका, मोजमाप स्वच्छ, भाषा साधी.

माझ्या कामाची गोष्ट मात्र त्याच्या उलट बाजूला होती. हाक 'जवळ' पोचते म्हणजे नक्की कुठवर?

अंजनवेलला मामाने एक वही केली. रोज सकाळी गाडी चालू करण्याआधी बॅटरीचं व्होल्टेज, गाडी रात्री कुठे होती, पाऊस होता का, चालू झाली का. आठव्या दिवशी मी फोनवर त्याला रकाने वाचायला लावले. पाऊस आणि बिघाड यांचा मेळ होता, पण पूर्ण नाही. एका कोरड्या दिवशीही गाडी रुसली होती. आणि दोन पावसाळी रात्री गाडी पाहुण्यांमुळे बाहेर आगरात उभी होती, त्या दोन्ही सकाळी ती चालू झाली. रुसली त्या प्रत्येक वेळी ती पडवीला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. पाऊस असला की मामा ती शेडमध्ये घेतो. आणि पडवीच्या आतल्या बाजूला, त्याच भिंतीवर, खुंटीला चावी टांगलेली.

मधे जांभ्याची भिंत आहे हो, पण १२५ किलोहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला चिरा म्हणजे काहीच नाही. काही गाड्या मालक जवळ आला का हे बघायला थोड्या थोड्या वेळाने हाक मारत राहतात. चावी रात्रभर खुंटीवरून ओ देत होती. गाडी झोपतच नव्हती, आणि चावीतला सेल सहा महिन्यांत का संपतो तेही त्यात आलं.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले, या वेळी मल्टिमीटर घेऊन. बॅटरीच्या ऋण टोकात मीटर ओळीने जोडला, दहा अँपिअरच्या पट्ट्यावर. बॉनेटचा खटका स्क्रूड्रायव्हरने आधीच बंद करून ठेवला, नाहीतर उघडं बॉनेट बघून गाडी जागीच राहते आणि आपण आपल्याच मोजण्याचा परिणाम मोजत बसतो. (मीटर असा जोडलेला असताना बटण दाबू नका. मीटरचा फ्यूज जातो. एमएस्सीला असताना मी अशाच चुकीने एक घालवलाय.) चावी खुंटीला असताना करंट ०.६ अँपिअरच्या खाली येईना. मग मामाला चावी घेऊन टाळकेश्वराकडे फिरायला पाठवलं. वीसेक मिनिटांनी आकडा घसरला आणि ०.०३ वर स्थिरावला. ०.६ ने चौदा तास म्हणजे आठ अँपिअर-तासांच्या वर. बॅटरी ३५ ची. आणि दिवसभरात गाडी गुहागरपर्यंत जाऊन येणार, तेवढ्याने काय भरणार?

इथे मला वाटलं, सापडलं. पण हिशेब बसत नव्हता. ज्या सकाळी गाडी चालू झाली नाही त्यांतल्या दोन वेळा वहीत व्होल्टेज १२.२ होतं. म्हणजे बॅटरी निम्मी भरलेली. निम्म्या बॅटरीवर सेल्फ फिरायलाच हवा. एका कारणाने सगळं उलगडल्यावर दुसरं कारण शोधायचा कंटाळा येतो. मी चहा पिऊन तो थोडा वेळ येऊ दिला.

अंजनवेलमध्ये 'थंड इंजिन वेळेत चालू झालं का' या प्रश्नावरून एकदा देशभर गाजलेला तंटा झालाय. गावाला लागून असलेला दाभोळचा वीजप्रकल्प, एन्रॉनवाला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. जानेवारी २००१ मध्ये वीज मंडळाने आक्षेप घेतला, की करारात ठरल्याप्रमाणे थंड अवस्थेतून तीन तासांत पूर्ण क्षमता गाठता आली नाही, आणि ४०१ कोटींचा दंड लावला. त्याच वर्षी प्रकल्प बंद पडला. तो पुन्हा चालू व्हायला २००६ उजाडलं, रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या नावाने. मामाने त्या काळात कामगारांची ने-आण करणारी गाडी चालवली होती. चहा पिताना तो म्हणाला, "तिथेपण सगळे स्टार्ट का नाही झालं यावरच भांडत होते. कागद बघून."

तर दुसरं कारण. बॅटरीच्या ऋण टोकापासून बॉडीला आणि तिथून इंजिनाला जाणारी अर्थची जाड पट्टी. वरून ती ठीक दिसत होती. मल्टिमीटरने तिचा रोध मोजला: ०.२ ओम. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवली तरी ०.२ च येतो, म्हणजे पट्टी निर्दोष. गॅरेजमध्येही हेच तपासलं होतं. आणि इथे मला स्वतःच्या डोक्यात टपली मारावीशी वाटली, कारण मी चार वर्षं रोज हेच काम करते. बारीक रोध दोन टोकांच्या मीटरने मोजायचाच नसतो. आम्ही फोर-प्रोब वापरतो: दोन टोकांतून करंट सोडायचा, दुसऱ्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजायचं, म्हणजे जोडवायरींचा रोध हिशेबातून जातो. गाडीत करंट सोडायला सेल्फ आहेच, शंभर-सव्वाशे अँपिअर. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरं थेट इंजिनाच्या धातूवर, आणि मामा, दाब बटण.

मीटरने १.४ व्होल्ट दाखवले. तिथे जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट असायला हवा. १.४ भागिले १२० म्हणजे सुमारे १२ मिलिओम. ०.२ ओमच्या मीटरला ते दिसणारच नव्हतं. पण सेल्फ फिरायला लागला की निम्म्या बॅटरीचं व्होल्टेज आधीच खाली बसतं, त्यात हे दीड व्होल्ट इथे अडतात, इंजिनाकडच्या मॉड्यूलांचा पुरवठा कोसळतो, ती बेशुद्ध पडतात, रिले सुटतो, पुरवठा परत येतो, रिले पुन्हा लागतो. कट्-कट्-कट्. आणि शुद्धीवर आलेलं प्रत्येक मॉड्यूल तक्रार नोंदवतं, की इतरांशी संपर्क तुटला होता.

पट्टी सोडवली. बोल्टाच्या खाली, जिथे दिसत नाही तिथे, हिरवट पांढरी भुकटी. खाडीच्या तोंडावर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर चार पावसाळे काढलेली गाडी. टेस्ट लॅम्पवाल्या जुन्या मिस्त्रीने हे कदाचित लवकर पकडलं असतं, त्याचा दिवा निदान थोडा तरी करंट मागतो. पण खात्री नाही. दिव्यालाही १२ मिलिओम जाणवले नसते. त्यांची पद्धत वेगळी होती: गाडी नाही चालू झाली, की आधी अर्थ घासायचा, मग बोलायचं.

शृंगारतळीहून नवी पट्टी आणली, बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने घासला, वर ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं: ०.२ व्होल्ट. मॉड्यूल जुनंच आहे. मामीची पुढची तपासणी वेळेवर झाली.

चावी आता मागच्या खोलीत असते. मामा वही अजून लिहितो. मी थांबवायला सांगितलं नाही, कारण एक नोंद मला अजून नीट लागत नाही: तो कोरडा दिवस. गाडी शेडमध्ये का होती, ते मामालाही आठवत नाही.